घरातून कॉलेजात जाणारे तुम्ही पहिलेच असाल, तर : नाशिकमधल्या पहिल्या वर्षाचा वाटाड्या

ज्या घरातलं कुणी आधी कॉलेज शिकलेलं असतं, तिथल्या मुलामुलींना निम्म्या गोष्टी जेवता जेवता कळतात. उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडला की काढायचा, ऑफिसात अर्ज दिला की पोच घ्यायची, इंटर्नल परीक्षा चुकवायची नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, येवल्याच्या एखाद्या वाडीतून किंवा सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतून जो पहिलाच कॉलेजात जातो, त्याला हेच सगळं चूक झाल्यावर कळतं. यात हुशारीचा काही संबंध नाही. माहिती घरातून आली नाही, एवढंच. ती बाहेरून मागून घ्यावी लागते, वेळेआधी आणि जमेल तिथे लेखी. ती कुठे, कुणाकडे आणि कधी मागायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

बारावीचा निकाल लागायच्या आधी : कागदांची फाईल

पहिल्या पिढीतल्या मुलांची सर्वाधिक धावपळ होते ती कागदांसाठी, आणि कारण एकच असतं : निकाल लागल्यावर सगळे एकदम सेतू केंद्रावर जातात. मे-जूनमध्ये तिथे रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो आणि प्रवेशाची मुदत मात्र थांबत नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा राहत नाही. म्हणून तो १ एप्रिलनंतर काढायचा. तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, शेती असेल तर सातबारा आणि आठ अ एवढं घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर जा. अर्ज भरल्यावर टोकन क्रमांक असलेली पावती मिळते, ती टाकू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं. पण त्यासाठी तारखेची पावती हातात हवी.

अधिवास म्हणजे डोमिसाईलचा दाखला एकदा काढला की पुन्हा काढावा लागत नाही. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन-क्रीमीलेअर म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी असतं, त्यामुळे घरात जुनं असेल तर आधी त्यावरची तारीख पाहा. खुल्या प्रवर्गात आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल, तर ईडब्ल्यूएसचा म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला तहसीलदारच देतात.

जातीच्या दाखल्याला मात्र वेळ लागतो, महिना-दीड महिना धरूनच चाला. अडतं ते जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधी कुटुंब कुठे राहत होतं आणि जातीची नोंद काय होती, हे दाखवावं लागतं. आजोबा शाळेत गेले असतील, तर त्यांच्या पहिलीतल्या प्रवेशाचा उतारा हा सगळ्यांत सोपा पुरावा. जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं, मुख्याध्यापकांना अर्ज दिला की उतारा मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील, आणि पहिल्या पिढीत हे नेहमीचंच आहे, तर तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी म्हणजे गाव नमुना चौदा, जुना सातबारा आणि फेरफार शोधा. चुलत भावाकडे किंवा आत्याकडे जातवैधता म्हणजे जात पडताळून दिलेलं प्रमाणपत्र असेल, तर तुमचं काम निम्म्याने हलकं होतं. म्हणून आधी भावकीत विचारा.

इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल, तर जातवैधताही लागते. नाशिकची जिल्हा पडताळणी समिती नासर्डी पुलाजवळच्या समाजकल्याणच्या संकुलात आहे. अनुसूचित जमातीसाठी वेगळी समिती आहे, आणि पेठ-सुरगाण्याहून येणारी मुलं चुकून पहिल्या समितीकडे जातात नि एक दिवस वाया जातो. वैधतेचा अर्ज बारावीचं वर्ष चालू असतानाच करा. सीईटीनंतर म्हणजे प्रवेश परीक्षेनंतर केलेला अर्ज प्रवेशाच्या वेळी हमखास अडतो.

आता फाईल अशी लावा. मूळ कागद एका पाकिटात, त्याला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स दुसऱ्या पाकिटात. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जरा जास्त काढा, कारण मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं आणि पुढे तीन वर्षं तो दिसत नाही. पासपोर्ट फोटो वीस. सगळ्याचं स्कॅन मोबाईलमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवरही. आणि एक तपासणी आजच करा : दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः सारखं आहे का? वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी ‘भाऊ’ आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर शिष्यवृत्ती वर्षभर अडकते. दुरुस्ती करायची ती आधारमध्ये, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे.

प्रवेश घेताना

नाशिकमध्ये कॉलेजं भरपूर आहेत. १९१४ साली सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचं गंगापूर रोडचं केटीएचएम, कॉलेज रोडवरची गोखले एज्युकेशन सोसायटीची एचपीटी-आरवायके आणि बीवायके, नाशिक रोडचं बिटको, पंचवटीतली कॉलेजं. ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. शाखा निवडताना नावापेक्षा तीन प्रश्न विचारा : हा वर्ग अनुदानित म्हणजे सरकारी मदतीवर चालणारा आहे की विनाअनुदानित? फी एकूण किती आणि त्यातली शिष्यवृत्तीत न बसणारी किती? मला हवा असलेला विषय तिसऱ्या वर्षापर्यंत इथे आहे का? एकाच कॉलेजात बीएस्सी अनुदानित आणि बीबीए-बीसीए विनाअनुदानित असतं, आणि दोन्हींच्या फीत मोठा फरक असतो. प्रवेशाच्या गर्दीत हे आपणहून कुणी सांगत नाही.

बीए, बीकॉम, बीएस्सीचा प्रवेश कॉलेजच्या गुणवत्ता यादीवर होतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांचा राज्याच्या सीईटी कक्षाच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून. हा फरक पैशाचा आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत हातची जाते.

पैसे भराल ते पावतीवरच. पावतीत शिक्षण शुल्क, विकास निधी, जिमखाना, ग्रंथालय, अनामत असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. अनामत रक्कम शेवटच्या वर्षानंतर परत मिळते, म्हणून पावती जपा. एकदम सगळी फी भरणं शक्य नसेल, तर प्राचार्यांना हप्त्यांसाठी अर्ज करा. बहुतेक ठिकाणी ही सोय असते, फक्त ती मागावी लागते. अर्ज असा :

‘प्रति, मा. प्राचार्य. विषय : फी हप्त्याने भरण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी प्रथम वर्ष बीएस्सीत प्रवेश घेत आहे. माझे वडील शेतमजूर असून वार्षिक उत्पन्न दाखल्याप्रमाणे अमुक रुपये आहे. आज अमुक रक्कम भरत आहे. उर्वरित रक्कम अमुक तारखेपर्यंत दोन हप्त्यांत भरेन. सोबत उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. आपला विश्वासू.’

दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. हीच पोच. कॉलेजातला कुठलाही अर्ज याच पद्धतीने. तोंडी झालेलं बोलणं पुढच्या महिन्यात कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि खिडकीमागचा माणूस बदललेला असतो.

महाडीबीटी : इथे घाई नको, पण उशीरही नको

महाडीबीटी पोर्टलवर राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये. त्यावर उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : आठ लाखांपर्यंत उत्पन्न आणि शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. ही शेवटची योजना अनेकांना माहीतच नसते, कारण ती शिष्यवृत्तीच्या जोडीने वेगळी भरावी लागते.

अर्ज करताना आधी बँक खातं. पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधारला जोडलेल्या खात्यात येतो. तुमची दोन खाती असतील, तर ज्या बँकेत आधार शेवटी जोडलं तिथे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, बँकेचं नाव दिसेल. तिथे काहीच दिसत नसेल किंवा पाचवीत शाळेने काढलेलं, आता बंद पडलेलं खातं दिसत असेल, तर बँकेत जाऊन ‘माझं आधार एनपीसीआयला (देशभरातल्या बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) जोडा’ असा फॉर्म भरून द्या. नुसतं ‘आधार लिंक आहे’ म्हणून बँकेने सांगितलं तरी भागत नाही. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी जोडणं वेगळं.

मग नोंदणी. सायबर कॅफेत भरत असाल तरी मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकला, की पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दारात. युजरनेम-पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा. प्रोफाईलमध्ये अभ्यासक्रमाचं नाव निवडताना कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारूनच निवडा. एकाच नावाचे अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन पर्याय यादीत येऊ शकतात आणि चुकीचा निवडला तर अर्ज परत येतो. दहावी-बारावीनंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा.

अर्ज सबमिट केला की काम संपलं असं वाटतं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग विभागाकडे. त्रुटी असेल तर तो तुमच्याकडे परत पाठवला जातो आणि मेसेज येईलच याचा भरवसा नाही. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती पाहा. अर्जाची प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजात जमा केला नाही, तर क्लार्क अर्ज पुढे पाठवत नाहीत. त्यांना दोष देऊ नका. एका माणसाकडे शेकडो अर्ज असतात. ‘भाऊसाहेब, माझा अर्ज कुठवर आला?’ असं दर पंधरा दिवसांनी शांतपणे विचारणाऱ्या मुलाचा अर्ज वेळेत पुढे जातो.

एक गोष्ट घरीही सांगून ठेवा. काही योजनांत कॉलेजच्या फीची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते. घरात एकदम मोठी रक्कम दिसते, खतांची उधारी डोक्यावर असते, पैसे उचलले जातात आणि मग परीक्षेच्या अर्जाच्या वेळी कॉलेज फी मागतं. पैसे आल्यावर त्यातले फीचे किती आणि निर्वाह भत्त्याचे किती, हे ऑफिसातून लिहून घ्या आणि फीचे त्याच आठवड्यात भरून टाका.

शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. आपोआप काहीच होत नाही.

राहणं, जेवण, येणं-जाणं

समाजकल्याणचं वसतिगृह आणि आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, दोन्हींचे अर्ज ऑनलाईन आणि प्रवेशाच्या सुमारासच सुटतात. जागा कमी, मागणारे जास्त. नंबर लागला नाही तरी अर्ज केलेलाच असावा, कारण पुढची योजना त्यावरच अवलंबून आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, आणि ओबीसी, विमुक्त-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. जेवण, निवास आणि निर्वाहासाठी पैसे थेट खात्यात येतात. यांना भाड्याच्या खोलीचा पुरावा आणि कॉलेजची हजेरी लागते. म्हणून खोली घेताना मालकाला आधीच विचारा : भाडेकरार करून देणार का? तोंडी खोली स्वस्त पडते, पण वर्षाची रक्कम बुडवते. जमातीच्या मुलांनी आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय लक्षात ठेवावं. जिल्ह्यात नाशिक आणि कळवण अशी दोन आहेत, आणि आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे.

हे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. पहिले तीन-चार महिने हातच्या पैशावर काढायची तयारी ठेवा. खोली तिघांत घ्या. मेस लावताना खाडा किती दिवसांचा धरतात ते आधी ठरवा. गावी गेल्यावर सलग दोन दिवसांचे पैसे वळते होतात की नाही, यावर महिन्याचा हिशोब बराच बदलतो.

जवळच्या तालुक्यातून ये-जा करणार असाल, तर एसटीचा विद्यार्थी पास काढा. मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे दहा दिवसांच्या भाड्यात महिना. कॉलेजचं बोनाफाईड, ओळखपत्र आणि फोटो लागतो. पासाच्या खिडकीवर जून-जुलैत सकाळी लवकर गेलेलं बरं. शहरात सिटीलिंकच्या बस आहेत. पेठ, सुरगाणा, बागलाणच्या टोकाहून मात्र रोजची ये-जा करू नका. चार-पाच तास रस्त्यात गेले की दुपारचं प्रॅक्टिकल आणि ग्रंथालय दोन्ही सुटतात, कारण शेवटची बस गाठायची असते.

पहिले पंधरा दिवस : कुणाला ओळखून ठेवायचं

कॉलेजात मदत आहे, पण ती शाळेसारखी वर्गात चालत येत नाही. प्रत्येक गोष्टीची खिडकी वेगळी. पहिल्या पंधरा दिवसांत वर्गशिक्षक किंवा मेंटॉर कोण ते शोधा. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक मुलाला एक शिक्षक मेंटॉर म्हणून दिलेला असतो, पण यादी फलकावर लागून जुनी होते आणि मुलं कधी भेटतच नाहीत. विद्यार्थी विकास अधिकारी हे दुसरं नाव. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना त्यांच्याकडे असते. यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय अशा ठिकाणी तासावर काम मिळतं आणि तासिका सांभाळून करता येतं. बाहेर हॉटेलात रात्री बारापर्यंत काम करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. जागा मोजक्या असतात, म्हणून अर्ज कधी निघणार हे जुलैतच विचारून ठेवा.

तिसरे ग्रंथपाल. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी असते, तिथून पुस्तकांचा संच सत्रभर घरी नेता येतो. क्रमिक पुस्तक विकत घेण्याआधी ग्रंथालयात दोन गोष्टी विचारा : मागच्या प्रश्नपत्रिका कुठे आहेत आणि अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते. नाशिकच्या जुन्या भागात राहणाऱ्यांना १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालयही आहे.

शिक्षकांशी बोलायला संकोच वाटतो, हे खरं आहे. घरी सर-मॅडम या शब्दाला एक वजन असतं आणि त्यांना अडवून प्रश्न विचारणं उद्धटपणाचं वाटतं. कॉलेजात तसं नसतं. तास संपल्यावर दारात अडवू नका, स्टाफरूममध्ये जा आणि प्रश्न नेमका विचारा. ‘सर, काहीच कळलं नाही’ याला उत्तर देणं कुणालाही अवघड. ‘मॅडम, समतोल स्थिरांकाच्या उदाहरणात तिसऱ्या पायरीला दोनाचा वर्ग कुठून आला?’ याला दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि तुमचं नावही लक्षात राहतं. पुढे शिफारसपत्र, प्रकल्प, एखादी इंटर्नशिप या गोष्टी नाव लक्षात असलेल्या मुलांकडे आधी येतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत जरूर जा. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. प्रमाणपत्रापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलांची ओळख होते. घरात मोठा भाऊ कॉलेजात गेलेला नसेल, तर तो तुम्हाला इथे मिळतो.

क्रेडिट, इंटर्नल आणि सत्र

नवीन शैक्षणिक धोरणानंतर वेळापत्रकावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे शब्द दिसतात. घाबरू नका. मेजर म्हणजे ज्यात पदवी घ्यायची तो मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतला. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे तीस तास. एका सत्रात वीस-बावीस क्रेडिट असतात. ओपन इलेक्टिव्ह निवडताना मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. त्याचं वेळापत्रक तुमच्या शेवटच्या बसला अडतं का ते पाहा.

खरी गफलत गुणांत होते. बारावीला एकच मोठी परीक्षा होती आणि शेवटचे दोन महिने जोर लावला तरी भागत होतं. इथे शंभरपैकी साधारण तीस गुण अंतर्गत असतात : चाचणी, असाइनमेंट, सादरीकरण. अनेक ठिकाणी अंतर्गत आणि लेखी या दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. लेखीत चांगले गुण मिळाले आणि चाचणीला गैरहजर होता, तरी विषय राहतो. चाचणीची तारीख विभागाच्या फलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार-पाच दिवस आधी येते. त्या ग्रुपवर नसाल तर पहिल्या आठवड्यातच वर्गप्रतिनिधीला नंबर द्या. आजारपणामुळे चाचणी चुकली, तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अर्ज त्याच आठवड्यात द्या. सत्र संपताना दिलेला अर्ज कुणी धरत नाही.

हजेरी ७५ टक्के लागते. स्वाधार आणि स्वयमचे पैसेही हजेरीवर अडतात.

इंग्रजीचं ओझं

मराठी माध्यमातून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत आलेल्यांना पहिला महिना फार जड जातो. शिकवलेलं कळत असतं, शब्द कळत नसतात. प्रत्येक विषयाची एक छोटी वही करा आणि पानावर तीन रकाने आखा : इंग्रजी संज्ञा देवनागरीत उच्चारासह, मराठी शब्द, आणि तुमच्या भाषेतला एका ओळीचा अर्थ. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत विषयाच्या बहुतेक संज्ञा ओळखीच्या होतात, कारण एका पेपरात पुन्हा पुन्हा येणारे शब्द फार नसतात. मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहेत. धडा आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी पुस्तकातलं तेच पान वाचा. उलट क्रमाने वाचलं की पाठांतर सुरू होतं.

बीए, बीकॉमला बहुतेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. परीक्षेच्या अर्जात माध्यम नोंदवण्याआधी विषयशिक्षकांना विचारा आणि सत्राच्या मध्येच बदलू नका.

घर आणि हंगाम

यावर कुठल्याही माहितीपुस्तिकेत एक ओळ नसते, आणि नाशिक जिल्ह्यात तर हाच सगळ्यांत मोठा अडथळा आहे. भातलावणी जुलैत, म्हणजे इगतपुरी-त्र्यंबक-पेठच्या मुलांचा कॉलेजचा पहिला महिना. द्राक्षाची गोडीबार छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तेव्हा पहिल्या सत्राच्या चाचण्या. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, द्राक्ष काढणी जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत आणि कांदा काढणी मार्च-एप्रिलला, तेव्हा दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर. निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या घरात तर एका माणसाची मजुरी बुडणं म्हणजे आठवड्याचा किराणा.

घरच्यांशी भांडून हे सुटत नाही. विद्यापीठाचं आणि कॉलेजचं सत्राचं वेळापत्रक जुलैत मिळतं. त्यावर शेतीचा हंगाम पेनाने मांडा आणि आईवडिलांसोबत बसून आधीच ठरवा : या चार आठवड्यांत मी येणार नाही, या सुट्टीत पूर्ण वेळ येईन. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कामाला द्या, चाचणीचा आठवडा देऊ नका. ‘परीक्षा आहे’ असं मोघम सांगितलं तर घरच्यांना वाटतं अभ्यास घरीही होतो. ‘१४ तारखेला तीस गुणांची चाचणी आहे, चुकली तर वर्षभराचा विषय राहतो आणि शिष्यवृत्तीही अडकते’ असं सांगितलं, तर अशिक्षित आजीलाही हिशोब कळतो.

शक्य असेल तर वडिलांना नाहीतर आईला एकदा कॉलेज दाखवा. वर्ग, ग्रंथालय, मेंटॉर. मुलींच्या बाबतीत तर हे कराच. मुलगी कुठे बसते, कुणाकडे मदत मागते, संध्याकाळी कुठल्या रस्त्याने येते हे डोळ्यांनी पाहिलं की घरून येणारे ‘परत ये’चे फोन कमी होतात.

अडलं तर

विषय राहिला तर एटीकेटीवर म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन पुढे जाता येतं. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आधी मागवा, शिक्षकांना दाखवा, आणि गुण वाढण्यासारखे असतील तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. दोन्हींची मुदत मोजक्या दिवसांची असते. नियमित कॉलेज परवडेनासंच झालं, तर शिक्षण सोडू नका. गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ सालचं. अंबड-सातपूरला नोकरी करत तिथून पदवी घेता येते आणि स्पर्धा परीक्षांना ती चालते.

रॅगिंग झालं तर देशव्यापी हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. मुलींना त्रास झाला तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती. तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावणं कॉलेजला बंधनकारक आहे. जातीवरून कुणी बोललं तर अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि मन खचलं तर. वर्गात सगळे पुढे आणि आपणच मागे, घरचे उपाशी आणि आपण इथे बसून शिकतोय, असे विचार पहिल्या पिढीतल्या मुलांना हमखास येतात. पंधरा दिवसांच्या वर झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर टेली मानसला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मेंटॉरलाही सांगा. ‘अभ्यास होत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरे, बाकीचं ते विचारतील.

दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की गावी जाण्याआधी तीन कामं उरका. कमवा व शिकाच्या तासांची नोंद सही घेऊन पूर्ण करा, पुस्तकपेढीची पुस्तकं परत करून पावती घ्या, आणि महाडीबीटीवर यंदाचा अर्ज कुठे थांबला आहे ते पाहून क्लार्कना विचारा. गावी पोचल्यावर एप्रिल सुरू झालेला असेल, तर सकाळी तलाठी कार्यालय. नवा उत्पन्नाचा दाखला जुनी झेरॉक्स सोबत नेली की लवकर होतो.